बोट आधी, क्षण नंतर

१९ जून १८७८. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या धावपट्टीलगत एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानं बारा कॅमेरे एका ओळीत मांडले होते. दोन कॅमेऱ्यांमध्ये २७ इंचांचं अंतर, आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या शटरशी जोडलेला एकेक दोरा धावपट्टीवर आडवा ताणलेला. रेल्वेच्या धंद्यात गब्बर झालेले लिलंड स्टॅनफर्ड यांची ‘सॅली गार्डनर’ ही घोडी त्या दोऱ्यांवरून भरधाव गेली, दोरे पटापट तुटले आणि बारा काचांवर बारा फोटो उमटले. दौडताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, या जुन्या वादाचा निकाल लागला. सुटतात, पण चित्रकार दाखवत आले होते तसे नाही. जेरिकोनं १८२१ साली रंगवलेल्या एप्समच्या शर्यतीत घोडे पुढचे पाय पुढं आणि मागचे मागं ताणून हवेत तरंगतात. मायब्रिजच्या काचेवरची घोडी मात्र चारही पाय पोटाखाली गोळा करून हवेत होती. (स्टॅनफर्डनी यावर मोठी पैज लावली होती, ही गोष्ट फार चवीनं सांगितली जाते. तिला धड पुरावा नाही.)

या फोटोंच्या छापील कार्डावर तपशील दिलेला आहे. लागोपाठच्या दोन फोटोंमध्ये सुमारे एक पंचविसांश सेकंदाचं अंतर, आणि प्रत्येक काचेवर प्रकाश पडला तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. म्हणजे सेकंदाला पंचवीस फ्रेम आणि १/२००० चं शटर. आज वानखेडेवर लाखमोलाची लेन्स लावून बसलेला फोटोग्राफर साधारण याच आकड्यांच्या आसपास काम करत असतो. मायब्रिजला बारा कॅमेरे लागले, याला एक पुरतो, एवढाच फरक. वेगाची लढाई कॅमेऱ्यानं जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच जिंकली, असं म्हणायला हरकत नाही.

मला त्या प्रयोगातली खरी हुशारी दोऱ्यांमध्ये दिसते. मायब्रिजनं मध्ये माणूस ठेवलाच नाही. घोडी आली, तिनं दोरा तोडला आणि स्वतःचा फोटो स्वतः काढून घेतला. कुणी बघायचं, ठरवायचं, बोट दाबायचं, ही भानगडच नव्हती. सीमारेषेबाहेर स्टुलावर बसलेल्या माणसाला मात्र ही सोय नाही, आणि खेळाच्या फोटोतलं सगळं कसब त्या न ताणलेल्या दोऱ्याची उणीव भरून काढण्यात खर्च होतं.

गणित मांडून पाहू. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. डोळ्यांना दिसलं, मेंदूला कळलं आणि बोट हललं, एवढ्याला सरावलेल्या माणसालाही साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात आणखी चार-पाच शतांश सेकंद जातात. मिळून पाव सेकंद. तेवढ्यात आपला चेंडू दहा मीटर पुढं गेलेला असतो, म्हणजे खेळपट्टीची निम्मी लांबी. चेंडू बॅटवर बसतानाचा फोटो हवा असेल, तर चेंडू अजून खेळपट्टीच्या मध्यावर असतानाच बोटाला हुकूम सुटायला हवा. फलंदाजाचीही गत हीच असते. त्यालाही साधारण त्याच वेळी ठरवावं लागतं की पुढं जायचं का मागं, मारायचा का सोडायचा. म्हणजे चांगला फोटोग्राफर प्रत्येक चेंडूला फलंदाजाबरोबर तो फटका मनातल्या मनात खेळतच असतो. जो कधी क्रिकेट खेळला नाही किंवा ज्यानं ते निगुतीनं पाहिलं नाही, त्याच्या हाती कितीही भारी कॅमेरा दिला तरी त्याचे फोटो एक फटका उशिराचे येतात: बॅट खांद्यावर गेलेली, चेंडू फ्रेमबाहेर, आणि फलंदाज कुठंतरी लांब बघतोय.

यावर सोपा उपाय म्हणजे बटण दाबून धरायचं आणि कॅमेऱ्याला धडाधड फोटो काढू द्यायचे. पण बॅट आणि चेंडूचा स्पर्श टिकतो जेमतेम एक सहस्रांश सेकंद. सेकंदाला वीस फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन फ्रेममध्ये पन्नास सहस्रांश सेकंदांचं अंतर असतं. म्हणजे नेमका स्पर्शाचा क्षण सापडण्याची शक्यता पन्नासात एक. उरलेल्या एकोणपन्नास वेळा चेंडू बॅटपासून कधी वीतभर लांब, कधी जवळपास मीटरभर. शिवाय धडाधड घेतलेल्या फ्रेम आधी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये साठतात, मग कार्डावर उतरतात. बफर भरला की कॅमेरा ढिम्म, आणि तो भरतो नेमका झेल उडाल्यावर. आरशाच्या कॅमेऱ्यात आणखी एक मजा असते. फोटो घेताना आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये क्षणभर अंधार होतो. म्हणजे जो क्षण तुम्हाला स्पष्ट दिसला, तो तुमच्या कार्डावर नसतो. जो आला, तो तुम्ही पाहिलेला नसतो.

तर मग स्पर्शाच्या क्षणाच्या मागं लागायचंच कशाला? क्रिकेटच्या इतिहासातला बहुधा सर्वांत गाजलेला फोटो व्हिक्टर ट्रम्परचा आहे. जॉर्ज बेल्डम यांनी काढलेला, १९०५ सालच्या त्यांच्या ‘ग्रेट बॅट्समेन’ या पुस्तकात छापलेला. ट्रम्पर पुढं सरसावलाय, डावा पाय हवेत आहे, बॅट मागं उंच गेली आहे. चेंडू फोटोत कुठंही नाही. फटका अजून व्हायचाय, आणि तरीही तो संपूर्ण फटका त्यात दिसतो. बेल्डम स्वतः मिडलसेक्सकडून प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळलेले. त्या काळच्या कॅमेऱ्यानं सामन्यात सीमारेषेवरून असलं काही टिपणं अशक्य होतं, म्हणून ते खेळाडूंना सामन्याबाहेर फटके मारायला लावून जवळून फोटो घेत. पण फटक्यातला कुठला तुकडा उचलायचा हे त्यांना खेळाडू म्हणून ठाऊक होतं. बॅट वर जाते, तिथं क्षणभर थबकते आणि मग खाली येते. थबकते तिथं सगळी ताकद साठलेली दिसते, आणि फोटोग्राफरला श्वास घ्यायला जागाही मिळते.

अशा थबकण्याच्या जागा प्रत्येक खेळात असतात. उडी घ्या. कुणी सरळ वर अर्धा मीटर उडालं, तर तो माणूस हवेत सुमारे ०.६४ सेकंद असतो. वर जाताना गुरुत्वाकर्षण त्याचा वेग कमी कमी करत नेतं, माथ्यावर तो वेग शून्य होतो आणि मग पुन्हा वाढत जातो. परिणाम असा की उडीच्या उंचीचा जो वरचा पाव भाग, म्हणजे इथं शेवटचे साडेबारा सेंटिमीटर, त्यातच त्याचा हवेतला निम्मा वेळ जातो. बास्केटबॉलचे खेळाडू हवेत ‘लटकल्यासारखे’ दिसतात ते यामुळं. व्हॉलीबॉलचा स्मॅश, फुटबॉलमधला हेडर, गोलंदाजाची चेंडू टाकण्याआधीची उडी या सगळ्यांत हा एक तृतीयांश सेकंदाचा पठारी भाग मिळतो. गोलंदाजाच्या बाबतीत तर तो सोन्यासारखा, कारण पुढच्याच क्षणी त्याचा दंड त्याच्याच तोंडावरून फिरतो आणि चेहरा झाकला जातो. खो-खोत खांबाजवळ मारलेला सूर मात्र फसवा. उंचीच्या हिशेबात खेळाडू थबकलेला असला तरी पुढं जाण्याचा त्याचा वेग तसाच कायम असतो, म्हणून तिथं शटर १/१००० किंवा त्याहून जलद लागतंच. त्यातला शहाणपणा असा की सुराचा शेवट कुठं होणार हे ठाऊक असतं. खांब काही जागचा हलत नाही. खांबाच्या अलीकडच्या हातभर पट्ट्यावर फोकस आधीच बांधून ठेवायचा आणि वाट बघायची. मायब्रिजचा दोरा इथं थोडाबहुत परत मिळतो.

कबड्डीत असा खांब नाही, आणि म्हणून मला ती फोटो काढायला सगळ्यांत अवघड वाटते. लालबाग-परळकडच्या मंडळांच्या स्पर्धा आठवा. रात्रीचा खेळ, चारी बाजूंना लोक दाटीवाटीनं उभे, आणि फोटोग्राफरला मिळालेली जागा म्हणजे अंतिम रेषेमागं मांडी ठोकण्यापुरती. बसायचं कुठं हा पहिला प्रश्न. बचाव करणाऱ्या संघाच्या मागं बसलात, तर चढाईपटूचा चेहरा समोर येतो आणि बचावपटूंच्या पाठी. तो कोपऱ्यावर वाकून पाय टाकतो, त्याचे डोळे एकीकडं आणि पाय दुसरीकडं असतात, ते इथूनच दिसतं. पण पकड झाली की तो वळून मध्यरेषेकडं झेपावतो, म्हणजे तुमच्याकडं त्याची पाठ होते. चार-पाच जण अंगावर घेऊन एका हाताची बोटं मध्यरेषेकडं लांबवणारा चढाईपटू हवा असेल, तर समोरच्या बाजूला बसायला हवं. दोन्ही फोटो एकाच जागेवरून मिळत नाहीत. कुठला सोडून द्यायचा ते सामना सुरू होण्याआधी ठरवावं लागतं, आणि मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात तेव्हा पुन्हा एकदा.

मग बघायचं काय? नवखा चढाईपटूकडं बघतो. मुरलेला कोपरारक्षकाच्या पायांकडं. कोपरारक्षक घोट्याला हात घालणार असेल तर आधी त्याचं वजन चवड्यांवर येतं, साखळीत धरलेला हात किंचित सैल होतो, खांदा खाली जातो. सगळं मिळून पाव-अर्धा सेकंद, आणि आपल्याला तेवढाच तर हवा असतो. गुणफलकही बघायचा. दोन चढाया रिकाम्या गेल्या असतील तर नव्या नियमांनुसार तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे आता तो आत घुसणार हे नक्की. आघाडीवरचा संघ शेवटच्या मिनिटाला वेळ काढतो, तेव्हा कॅमेरा खाली ठेवून खांदे मोकळे करायला हरकत नाही. आणि चढाईतला तो थबकण्याचा क्षणही असतोच. चढाईपटू पुढं जाता जाता जिथून उलट फिरतो, त्या टोकाला त्याचा वेग शून्य झालेला असतो आणि शरीर मात्र पुरतं ताणलेलं असतं.

एवढं साधलं तरी लेन्सचा आणि दिव्यांचा त्रास उरतोच. आठ मीटरवरच्या खेळाडूवर २०० मिलिमीटरची लेन्स एफ २.८ वर पूर्ण उघडी ठेवून रोखली, तर साधारण पंचवीस-सत्तावीस सेंटिमीटर जाडीचाच काप स्पष्ट येतो. म्हणजे वीतभराहून जरा जास्त. चढाईपटूनं हात पुढं केला की बोटं धारदार आणि चेहरा पुसट, किंवा उलट. छिद्र बारीक करावं तर उजेड कमी पडतो. आताचे कॅमेरे डोळे ओळखून फोकस धरतात हे खरं, पण सात बचावपटू आणि एक चढाईपटू एकमेकांत गुंतलेले असताना कुणाचे डोळे धरायचे हे कॅमेऱ्याला कोण सांगणार? दिव्यांची तऱ्हा याहून वेगळी. आपल्याकडं वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून मैदानावरचे जुन्या पद्धतीचे दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते जाणवत नाही. पण १/१००० चं शटर त्या चढ-उताराचा एक छोटा तुकडाच उचलतं, म्हणून लागोपाठच्या तीन फोटोंतला एक लख्ख, एक मळकट आणि एक हिरवट येतो. शटर १/१०० वर आणलं तर पूर्ण चढ-उतार मावतो आणि रंग ठीक येतात, पण मग खेळाडू फराटा होऊन येतो. नव्या कॅमेऱ्यांत दिव्याची लय ओळखून उजळ टोकालाच शटर उघडण्याची सोय आहे, आणि एलईडी आल्यापासून मोठ्या स्टेडियममध्ये हा त्रास कमी झालाय. गल्लीतल्या स्पर्धेत अजून बरेचदा नशिबावर हवाला.

दिवसाच्या क्रिकेटमध्ये उजेड मुबलक असतो, पण तो डोक्यावरून येतो. कडक उन्हात आयएसओ १०० आणि एफ २.८ ठेवलं तरी १/३२०० चं शटर आरामात मिळतं, आणि तरीही भर दुपारी हेल्मेटच्या जाळीखाली नुसता काळोख असतो. चेहऱ्याऐवजी सावली. म्हणून मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगचं आभाळ मला फोटोसाठी फार आवडतं. उजेड तीनचार पायऱ्या उतरतो, पण ढगांमुळं तो सगळीकडून सारखा येतो आणि जाळीआडचे डोळे दिसायला लागतात. चिखल उडतो ते वेगळंच.

कसब बाजूला ठेवून परिस्थिती ओळखण्याचं महत्त्व पाहायचं तर १४ डिसेंबर १९६० ची ब्रिस्बेन कसोटी पाहावी. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज, दोघांच्या दोन डावांच्या धावा प्रत्येकी ७३७. वेस्ली हॉलचं शेवटचं षटक, त्या वेळच्या ऑस्ट्रेलियन रिवाजाप्रमाणं आठ चेंडूंचं. दोन चेंडू शिल्लक, धावसंख्या बरोबरीत, शेवटची जोडी मैदानात. लिंडसे क्लाइननं चेंडू स्क्वेअर लेगकडं ढकलला, इयन मेकिफ धावला आणि जो सॉलोमननं बाजूच्या कोनातून जेमतेम एक यष्टी दिसत असताना ती उडवली. ‘द एज’ या दैनिकाचे रॉन लव्हिट यांनी काढलेल्या फोटोत यष्ट्या मोडल्यात, मेकिफ क्रीजच्या बाहेर आहे आणि विंडीजचे खेळाडू आनंदानं उसळलेत. कसोटी इतिहासातला पहिला ‘टाय’ एका काचेत मावला. लव्हिटकडं त्या क्षणी एकच प्लेट उरली होती, असं सांगतात. एकच प्लेट असलेल्या माणसानं ती आधीच्या चेंडूवर खर्च केली नाही, आणि या चेंडूवर कुठं रोखायची हे त्याला कळलं, यात मला नशिबापेक्षा क्रिकेटची समज जास्त दिसते. बरोबरीत असलेली शेवटची जोडी बॅटला चेंडू लागला की धावणारच. काही मिनिटांपूर्वी त्याच सॉलोमननं थेट फेकीवर ॲलन डेव्हिडसनला धावबाद केलेलं. म्हणजे जे काही होईल ते यष्ट्यांपाशी होईल.

पाचेक वर्षांनी, २५ मे १९६५ ला अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या लुइस्टन गावी मुहम्मद अलीनं सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत आडवा केला. बावीस वर्षांच्या नील लायफरनं काढलेला तो रंगीत फोटो तुम्ही पाहिला असेलच: अली खाली पडलेल्या लिस्टनवर उभा राहून ओरडतोय, उजवा हात छातीपाशी आवळलेला. रिंगणाच्या वर फ्लॅश टांगलेले होते आणि एकदा उडाल्यावर ते पुन्हा भरायला वेळ लागायचा. म्हणजे लागोपाठ फोटो घेणं शक्यच नव्हतं, एक घेतला की गप्प बसायचं. लायफरनं तो ठोशावर खर्च केला असता तर हा फोटो झाला नसता. फोटोत ठोसा नाहीच, ठोशानंतरची अलीची मुद्रा आहे. अलीच्या पायांमधून पलीकडं एक फोटोग्राफर दिसतो. तो हर्ब शार्फमन, लायफरच्याच ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ मासिकाचा, अनुभवानं कितीतरी मोठा. त्याला मिळाली ती अलीची पाठ. बसायच्या जागेचं नशीब म्हणतात ते हे. गंमत म्हणजे आज गेल्या शतकातला खेळाचा सर्वोत्तम फोटो म्हणून जो सर्रास दाखवला जातो, तो त्या वेळी त्या मासिकाच्या मुखपृष्ठावरही आला नव्हता.

आतापर्यंत सगळा भर क्षण गोठवण्यावर होता, पण गोठवलं की वेग मरतो. १/४००० वर टिपलेली मोटार रस्त्यावर उभी केल्यासारखी दिसते. म्हणून मुद्दाम शटर सावकाश ठेवायचं आणि खेळाडूच्या वेगानं कॅमेरा आडवा फिरवायचा, याला पॅनिंग म्हणतात. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओला १०० मीटरच्या उपांत्य फेरीत उसेन बोल्ट शर्यत संपता संपता बाजूला वळून हसला, तो कॅमेरून स्पेन्सरचा फोटो याच पद्धतीचा. मागचं सगळं रेषारेषांत वितळलंय, इतर धावपटू पुसट आहेत, आणि बोल्टचं हसू तेवढं स्वच्छ. अशा शर्यतीत १/४० सेकंदात धावपटू पाऊण हाताएवढा पुढं सरकतो. त्याचे हातपाय वेडेवाकडे फिरत असले तरी चांगल्या धावपटूचं डोकं जवळपास एका सरळ रेषेत जातं, म्हणून कॅमेरा त्या डोक्याबरोबर बिनझटक्याचा फिरला तर चेहरा स्पष्ट येतो. कंबरेपासून वळायचं, पाय रोवलेले ठेवायचे आणि बटण दाबल्यावरही हात थांबवायचा नाही. दहातले नऊ फोटो वाया जातात, हे धरूनच चालायचं.

जाक-आंरी लार्तिग या विशीच्या आतल्या फ्रेंच मुलानं १९१२-१३ च्या सुमारास एका मोटारशर्यतीचा फोटो काढला. त्यात मोटारीचं चाक लंबगोल होऊन पुढं झुकलंय आणि कडेचे प्रेक्षक नि खांब उलट बाजूला कललेत. त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरमध्ये एक अरुंद फट प्लेटवरून सरकत जायची, म्हणजे फोटोचा एक भाग आधी आणि दुसरा किंचित नंतर उमटायचा. तेवढ्यात मोटार पुढं गेली. शिवाय कॅमेरा फिरत होता, पण मोटारीइतक्या वेगानं नाही. एकाच फोटोत वेगवेगळ्या क्षणांचे थर बसले आणि वेग डोळ्याला दिसायला लागला. आजही अनेक डिजिटल कॅमेरे चित्र ओळीओळीनं वाचतात. जोरात फिरलेली बॅट किंवा गोल्फची काठी त्यात वाकडी दिसते ती याच कारणानं.

हाच दोष शर्यतीचा निकाल लावायला कामी येतो. अंतिम रेषेवरचा फोटो-फिनिश कॅमेरा मैदान बघतच नाही. तो फक्त रेषेची उभी, बारीक फट बघतो आणि सेकंदाला हजारो वेळा तीच फट टिपून त्या चकत्या शेजारी शेजारी लावत जातो. त्या चित्रात डावीकडून उजवीकडं अंतर नसतं, वेळ असतो. एखाद्याचं पाऊल नेमकं रेषेवर टेकलं तर ते बराच वेळ फटीत राहतं आणि बुटाची लांबलचक पट्टी दिसते. निकाल धडावर लागतो, डोकं, हात नि पाय मोजत नाहीत. पॅरिसमध्ये २०२४ ला १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत किशेन थॉम्पसनचं पाऊल रेषेपार आधी गेलेलं त्या चित्रात दिसतं, पण धड नोआ लाइल्सचं आधी पोचलं. ९.७८४ आणि ९.७८९. आणि १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक गेलं ते असल्याच एका चित्रावर. रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२. नुसत्या डोळ्यांनी ते कुणालाही सांगता आलं नसतं.

गेल्या काही वर्षांत मात्र बोटाचा प्रश्न जवळपास निकालात निघालाय. नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनीनं ‘अल्फा ९ मार्क ३’ जाहीर केला. त्यात सगळं चित्र एकाच वेळी वाचलं जातं, म्हणून बॅट वाकडी होत नाही. सेकंदाला १२० फ्रेम निघतात, म्हणजे बॅट-चेंडूच्या स्पर्शाची शक्यता पन्नासात एकवरून आठात एकवर आली. त्याहून महत्त्वाचं, बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा फोटो घेत राहतो आणि जुने टाकून देत राहतो. तुम्ही पूर्ण दाबलंत की दाबण्याआधीच्या एक सेकंदापर्यंतच्या फ्रेम तो तुमच्या हवाली करतो. पाव सेकंदाचा उशीर आता चालतो. माझ्या लेखाच्या मथळ्याला यानं सुरुंग लागतो हे मला दिसतंय. पण टी-ट्वेंटीच्या एका डावात १२० चेंडू. प्रत्येक चेंडूला एकच सेकंद कॅमेरा चालवला तरी १४,४०० फ्रेम होतात, आणि वृत्तपत्राला पुढच्या पाच मिनिटांत त्यातली एक हवी असते. शिवाय लेन्स कुठं रोखायची हे ठरवायचंच असतं. कॅमेरा मागचा एक सेकंद परत देतो; ज्या दिशेला तो वळलेलाच नव्हता, तिथलं काही देत नाही.

२९ जुलै २०२४ ला ताहितीच्या तेआहुपोच्या लाटांवर ऑलिंपिकचं सर्फिंग चालू होतं. एएफपीचे जेरोम ब्रुइये बोटीत बसून फोटो काढत होते, आणि तिथून लाटेची पाठ दिसते, तिच्या पोटातला सर्फर दिसत नाही. ब्राझीलच्या गाब्रिएल मेदिनाला त्या लाटेवर ९.९० गुण मिळाले. अशी लाट मारल्यावर तो लाटेच्या माथ्यावरून उसळून बाहेर येणार, एवढं खेळ माहीत असलेल्या ब्रुइयेंना कळत होतं. मेदिना वर आला, ब्रुइयेंनी चार फोटो घेतले. त्यातल्या एकात मेदिना हवेत ताठ उभा आहे, एक बोट आभाळाकडं, आणि फळी त्याच्या शेजारी तितकीच ताठ. लोकांना हा फोटो बनावट वाटला. तो खराच आहे, फक्त तेवढ्या क्षणापुरता. आधीच्या-नंतरच्या फ्रेममध्ये तो पाण्यात पडणारा एक चारचौघांसारखा माणूस असणार.

आणि असा एक क्षण उचलल्यावर तो खेळाबद्दल काय सांगतो, तेही तपासून घ्यावं लागतं. १३ जून १९८२ ला बार्सिलोनात फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना झाला, अर्जेंटिना विरुद्ध बेल्जियम. स्टीव्ह पॉवेल यांच्या फोटोत पाठमोरा मॅराडोना पायात चेंडू घेऊन उभा आहे आणि समोर बेल्जियमचे सहा खेळाडू त्याच्याकडं घाबरून बघतायत. एक विरुद्ध सहा. त्याच्या दहशतीचा पुरावा म्हणून हा फोटो चार दशकं छापला जातोय. प्रत्यक्षात ती फ्री किक होती. त्याचा सहकारी आर्दिलेसनं थेट न मारता चेंडू हळूच मॅराडोनाकडं सरकवला आणि तेवढ्यात बेल्जियमची भिंत फुटून खेळाडू इकडंतिकडं होत होते. ते सहा जण त्याला अडवायला नव्हे, फ्री किक अडवायला तिथं जमले होते. त्या चालीतून काही निघालं नाही, आणि सामना बेल्जियमनं १-० असा जिंकला.